जाम गेटचा चढ आणि तुझ्या दोन बाटल्या

अगं बेटा,

काल फोनवर तू सगळं सांगितलंस, इंदूरहून महेश्वर सायकलवर जाऊन-येऊन एका दिवसात करायचंय, टायर नवे टाकलेत, लाइट घेतली, पण खाण्यापिण्याचं विचारलं तर म्हणालीस "दोन बाटल्या आहेत ना ताई, लागलं तर रस्त्यात घेईन". ते "लागलं तर" काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

लागेपर्यंत थांबायचंच नाही गं. अंगात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन, ते स्नायूंत 300 ते 500 ग्रॅम आणि लिव्हरमध्ये शंभरेक ग्रॅम, बस. जोर लावून चालवलं तर दोन-अडीच तासांत तळ दिसायला लागतो, आणि भूक लागल्यावर खाल्लेलं पायांपर्यंत पोचेस्तोवर उशीर झालेला असतो.

माझं हेच झालं होतं. मे महिना, सकाळी महूवरून जाम गेट, म्हणजे घाटाच्या माथ्यावरचा तो जुना दरवाजा, तिथून खाली नर्मदेकडच्या निमाडात उतरताना काय मस्त वारा, खायची आठवणच नाही. परत येताना मंडलेश्वर सोडलं की तोच घाट चढायचा, ऊन डोक्यावर, आणि मी नुसतं साधं पाणी ढोसतेय, एकामागून एक चार बाटल्या. अर्ध्या घाटात डोकं ठणकायला लागलं, मळमळ, उतरून दगडावर बसले, खिशातलं केळं काढलं तर ते सोलायला बोटं चालेनात इतकी थरथर. हेल्मेटचा पट्टा मिठानं कडक झालेला, काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे. एवढं मीठ बाहेर पडलं होतं आणि आत जात होतं ते फक्त पाणी.

साधं पाणी अति प्यायलं तर रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, पातळ होतं, आणि हे डिहायड्रेशनपेक्षा कमी धोक्याचं नाही. बोटं सुजली, अंगठी घट्ट झाली, उलटी, बोलण्यात गडबड, असं काही वाटलं तर पाणी थांबव, सायकल बाजूला लाव आणि सरळ डॉक्टरकडे.

एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडीवर एक लिटर लिहिलंय तर एक लिटरच, तुझ्या 750च्या बाटलीत अख्खी पुडी ओतू नको. घरी करायचं तर लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळ. मीठ आणि साखर बरोबर असली की आतडं दोन्ही एकत्र ओढून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं, म्हणून ते नुसत्या पाण्यापेक्षा लवकर अंगात भिनतं. पण ओआरएसवर पोट भरत नाही हां, लिटरभरात साखर अगदी थोडी असते, ताकद खाण्यातूनच यायची.

तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स, म्हणजे साखर-पिष्ट, धर. एका केळ्यात साधारण 25. मी खजूर, गुळाची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा नेते. घड्याळात दर 20 मिनिटांचा अलार्म लाव, वाजला की दोन घास, दोन-चार घोट, इच्छा असो नसो. निघायच्या दीड-दोन तास आधी पोहे खा, जीरावण मसाला टाकून बिनधास्त, पण शेव-कचोरी नको, तळलेलं पोटात बसून राहतं. आणि परतताना "शिकंजी पिऊ" म्हणशील तर आपली इंदुरी शिकंजी म्हणजे घट्ट दूध, ती घरी पोचल्यावर.

या रविवारी एक कर. तासभराच्या राइडआधी वजन कर, आल्यावर घाम पुसून परत कर, मध्ये किती प्यायलीस ते लिहून ठेव. जेवढं वजन घटलं अधिक जेवढं प्यायलीस तेवढा तुझा तासाचा घाम, किलोला लिटर धर. तो आकडा मला पाठव, मग बाटल्या कुठे भरायच्या ते आपण बसून ठरवू, महूत एकदा आणि घाट चढायच्या आधी मंडलेश्वरला तर नक्कीच.

तुझी,
ताई