चेसिस नंतर ठरवा, आधी बॉडीचा नकाशा हातात घ्या

आपला प्रश्न असा आहे की लातूर–पुणे–मुंबई मार्गासाठी दोन नवीन वातानुकूलित स्लीपर गाड्या घ्यायच्या आहेत, तर चेसिस (म्हणजे इंजिन आणि चाकांसह गाडीचा खालचा भाग, ज्यावर बॉडी वेगळी बांधून घ्यावी लागते) पुढे इंजिन असलेली घ्यावी की मागे इंजिन असलेली, आणि लांबी १२ मीटर ठेवावी की १३.५ मीटर.

चेसिसबद्दल थोडक्यात सांगतो. रात्रभराच्या प्रवासासाठी मागे इंजिन आणि एअर सस्पेन्शन ही जोडी घ्यावी. चालकाच्या शेजारी इंजिनाची उष्णता आणि आवाज राहत नाही, डिकी मोठी मिळते आणि लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या गाडीत झोपलेल्या माणसाला बसणारे दणके टळतात. १३.५ मीटरच्या मल्टिॲक्सल गाडीत बर्थ वाढतात, परंतु टायर वाढतात, टोलही वरच्या वर्गाने भरावा लागतो आणि सणासुदीखेरीज ते वाढीव बर्थ भरतातच असे नाही; आपल्या मार्गावर मी १२ मीटरच घेतली असती. कंपनी कोणती, याचे उत्तर एवढेच की मध्यरात्री आपल्या मार्गावर जिचा मेस्त्री आणि सुटा भाग पोहोचतो ती.

मात्र आपण बॉडीविषयी एक शब्दही विचारलेला नाही, आणि त्यासाठीच मी हे उत्तर लिहीत आहे.

आमचा व्यवसाय वडिलांनी एका गाडीवर सुरू केला. कोल्हापूर–मुंबई हा मुख्य मार्ग. बुकिंग आणि हिशेब थोरले बंधू पाहतात, वर्कशॉप माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन चेसिस घेतल्या आणि परराज्यातील एका बॉडी बिल्डरकडे पाठवल्या. सर्व मालक रंग, सीट कव्हर आणि दिव्यांच्या पट्ट्या निवडायला जातात, मी सांगाडा उघडा असताना गेलो. मंजूर नकाशात मागच्या बाजूला संकटकालीन दरवाजा होता. प्रत्यक्षात त्याच्या तोंडावरच खाली एक आणि वर एक असे दोन बर्थ आडवे येतील अशा चौकटी जोडलेल्या होत्या. विचारले, तेव्हा तेथील सुपरवायझरने शांतपणे सांगितले की सगळे मालक असेच करून घेतात, पासिंगच्या दिवशी बर्थ काढायचे आणि नंतर पुन्हा बसवायचे. हे दोन बर्थ बंधूंनीच फोनवरून वाढवून घेतले होते, हे मला त्या शेडमध्ये उभा असताना कळले.

मी चौकटी कापायला लावल्या. आतील वायरिंगही उघडून पाहिले, तर प्रत्येक बर्थचे चार्जिंग सॉकेट, पंखे, दिवे आणि इन्व्हर्टर यांचा सगळा भार बारीक तारेवर, टेप गुंडाळलेल्या जोडांवर आणि एका सामाईक फ्यूजवर टाकलेला होता. तेही बदलायला सांगितले. जाड तारा, प्रत्येक ओळीला स्वतंत्र फ्यूज, तारा पत्र्याच्या कडेवरून जातात तेथे रबरी बूच, आणि चालकाच्या हाताशी बॅटरीचा कट-ऑफ स्विच. यात उशीर झाला, गाड्या दिवाळीच्या हंगामात रस्त्यावर आल्या नाहीत, आणि बुडालेल्या त्या हंगामाची आणि कापलेल्या दोन बर्थची रक्कम बंधू आजही घरातल्या प्रत्येक कार्यात पाहुण्यांसमोर सांगतात.

बर्थची ती रक्कम चुकीची आहे, हे मला येथे नोंदवायचे आहे. त्यांचा हिशेब असा की दोन बर्थ, पूर्ण भाडे, वर्षभर रोज. परंतु शेवटच्या रांगेतले बर्थ मागच्या ॲक्सलच्याही मागे येतात, गाडी सर्वांत जास्त तेथेच उसळते, खालून इंजिनाची उष्णता येते. ते बर्थ सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी दरात विकले जातात आणि तक्रारीही तेथूनच येतात. याउलट, नोंदणीत नसलेला बदल अपघातानंतर तपासात उघड झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते, आणि मग एका गाडीचे पूर्ण हप्ते मालकाच्या अंगावर येतात. हे त्यांच्या वहीत कधीच आले नाही.

पैशाच्या पलीकडचेही सांगतो. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिकला यवतमाळहून मुंबईकडे जाणारी खासगी बस पेटली. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात नागपूर–पुणे बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. ती दरवाजाच्या बाजूवर आडवी झाल्याने नेहमीची वाट बंद झाली होती. अशा वेळी मागचा दरवाजा, छतावरची झडप आणि काच फोडायचा हातोडा याच प्रवाशाच्या वाटा असतात, आणि त्यांतील एक वाट मालकाने स्वतः दोन बर्थसाठी बुजवावी हे मला कोणत्याही हिशेबात मान्य होणार नाही. गाडी नामांकित कंपनीची असणे येथे पुरेसे नाही. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी पालेमजवळ बेंगळुरू–हैदराबाद मार्गावर जी बस पेटून ४५ माणसे गेली, ती नामांकित व्होल्वो कंपनीची महागडी गाडी होती.

म्हणून बॉडी बिल्डरला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बसच्या बॉडीसाठीच्या एआयएस ०५२ आणि स्लीपरसाठीच्या एआयएस ११९ या वाहन उद्योगाच्या मानकांप्रमाणे मंजूर झालेल्या नकाशाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. इंजिन मागे असल्यामुळे तेथे आग लागली तर चालकाला ती उशिरा कळते, त्यामुळे इंजिनकक्षातील आग ओळखून विझवणारी यंत्रणा, म्हणजे एआयएस १३५ या मानकाची, चालू स्थितीत आहे ना हे डोळ्यांनी पाहा. चालकाच्या केबिनला कुलूप लागणारा दरवाजा करू देऊ नका.

एक-दोन अपवाद सांगणे आवश्यक आहे. आपल्या गाड्या मुख्य रस्ता सोडून आतल्या खराब रस्त्यांच्या गावांतून प्रवासी उचलत असतील, तर पुढे इंजिन आणि पाट्यांची चेसिस दुरुस्तीला सोपी आणि स्वस्त पडते, आणि मग वर केलेली शिफारस तशीच लागू धरू नये. पुणे–मुंबई टप्प्यात खंडाळ्याचा घाट आहे, त्यामुळे चेसिस कोणतीही असो, रिटार्डरवर, म्हणजे पायब्रेक न दाबता उतारावर गाडीचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेवर, पैसे वाचवू नका. उतारावर केवळ पायब्रेकवर उतरलेल्या गाडीचे ड्रम किती तापतात, ते पुणे–सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाखाली थांबलेल्या गाड्यांजवळ उभे राहिल्यास समजते. शेवटचा हप्ता मात्र आतले पॅनेल बसण्याआधी स्वतः शेडमध्ये जाऊन नकाशा आणि सांगाडा ताडून पाहिल्यावरच द्या, आणि सोबत असा माणूस न्या ज्याचा बर्थच्या संख्येशी संबंध नाही.