आजीच्या भांड्यांचं शिल्प करणाऱ्या लेकीला काय सांगू?

चोपडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. सासूबाई गेल्या त्याला वर्ष झालं. बारावी सायन्सला असलेल्या लेकीने माळ्यावरून आजीची भरीत ठेचायची बडगी, सूप, पितळी तांब्या आणि जुना कंदील काढला, तारेने बांधून अंगणात माणसाएवढी आकृती उभी केली आणि सगळ्यावर सोनेरी रंग मारला. शेजारच्या बायका बघून रडल्या. आता मुलीला शिल्पकलाच शिकायची आहे. वडील म्हणतात, नर्सिंगला जा, यावर पोट भरत नाही. आईने विचारलं आहे: यात पुढे काही आहे का? आणि घरात उरलेल्या वस्तू तिला द्याव्यात का?

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. सूप खांद्यासारखं तिरकं लावलंय, त्यात एक थकलेली बाई दिसते. हे कुणी शिकवलेलं नाही. मुलीकडे नजर आहे.

रोजच्या वस्तूंमधून आठवण उभी करणं ही शिल्पकलेतली मानाची वाट आहे. बीजिंगच्या सोंग डोंग या कलावंताचे वडील २००२ मध्ये गेले. त्याच्या आईने आयुष्यभर काहीच टाकलं नव्हतं. साबणाच्या वड्या, बाटल्यांची झाकणं, जुने कपडे, भांडी, सगळं जपलेलं. नवरा गेल्यावर ती त्या पसाऱ्यात आणखीच गुरफटली. मुलाने २००५ मध्ये तिलाच सोबत घेऊन त्या १०,०००हून अधिक वस्तू प्रदर्शनात मांडल्या. काम दोघांचं होतं, आणि त्याने आईला पुन्हा माणसांत आणलं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतो, वर डांगर (खरबूज) ठेवतो. गेलेल्या माणसाला भांड्यातून बोलावणं खान्देशातल्या घराला नवं नाही.

एक गोष्ट मात्र तिला स्पष्ट सांगा. सोनेरी रंग नको होता. बडगी वर्षानुवर्षं ठेचून ठेचून जिथे झिजली, कंदिलाला जिथे काजळी धरली, तिथे आजीचा हात आहे. रंगाने तेच झाकलं. पुढच्या कामाला हात घालण्याआधी तिने वहीत प्रत्येक वस्तूची हकिगत लिहावी: कुणाच्या लग्नात आली, कुठल्या बाजारातून घेतली, कोण वापरायचं. कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो जुन्या कपाटांत, खुर्च्यांत सिमेंट भरून शिल्पं करतात. त्याआधी त्या हिंसाचारात माणूस गमावलेल्या घरांतल्या लोकांशी बोलतात. तिने आधी तुमच्याकडून ऐकावं, तिच्या आत्यांकडून ऐकावं.

दुसरी उणीव जोडकामाची. तार सैल पडते, एका पावसाळ्यात आकृती कोसळेल. परीक्षा झाली की सुट्टीत गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात, ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली तिला बसू द्या. लोखंड साध्या वेल्डिंगने जुळतं, पितळ तसं जुळत नाही. ते झाळावं लागतं आणि तापलं की त्यातल्या जस्ताचा धूर निघतो. म्हणून काम उघड्या हवेत, डोळ्यांवर काच लावूनच. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो. पदवीआधी तो केला तरी वर्ष वाया जाणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रवेशाचं. बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची, बारावी कुठल्याही शाखेची चालते, म्हणून सायन्स मध्येच सोडायचं नाही. राज्याच्या एएसी सीईटीत, म्हणजे कलेच्या प्रवेशपरीक्षेत, वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं. रोज एक स्मरणचित्र आतापासून सुरू करावं. मुंबईचं १८५७ सालचं सर ज. जी. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथले नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचूनच अर्ज भरा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा शिल्पकला विभाग मला तिच्यासाठी जास्त जवळचा वाटतो. अमळनेरहून सुरतमार्गे जाता येतं, आणि तिथे विद्यार्थ्यांच्या हाताला साहित्य लागतं. त्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी.

आता वडिलांचं. त्यांची काळजी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. स्टीलच्या डब्या-ताटांतून शिल्पं करणारे बिहारचे सुबोध गुप्ता जगभर पोचले, पण त्यांच्याकडे बोट दाखवून मी तुम्हाला भरवसा देणार नाही. पदवीनंतरची काही वर्षं ओढाताणीची जातात. त्या काळात याच हाताने पोट भरायच्या वाटा आहेत: नाटक-सिनेमाचे सेट, संग्रहालयांची मांडणी, पुतळ्यांच्या ओतशाळा, कलाशिक्षकाची नोकरी. नर्सिंग चांगलंच आहे, पण मन नसलेल्या मुलीला त्यात ढकललं तर रुग्णाचंही भलं होत नाही. वडिलांना एकदा बडोद्याचा विभाग प्रत्यक्ष दाखवून आणा. मगच त्यांनी हो-नाही म्हणावं.

राहिल्या वस्तू. जातं आणि आखाजीची घागर देऊ नका. त्यांच्यावर घरातल्या सगळ्यांचा हक्क आहे, आणि भोक पाडलेली वस्तू परत येत नाही. हवं तर मातीत साचा घेऊन प्लास्टरमध्ये त्यांची प्रत काढायला तिला शिकू द्या, तेही शिल्पकाराचं मूळ काम आहे. बाकी फुटकं-तुटकं खुशाल द्या. केलेल्या प्रत्येक कामाचे चारही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवायला सांगा, आणि बारावीचा निकाल लागला की ते घेऊन तिघंही मला भेटायला या.