काळपुळीतला ‘काळ’ कुठला?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाचकभगिनींचा प्रश्न : श्वासातून होणाऱ्या अँथ्रॅक्सला मराठीत ‘काळपुळी’ म्हणावे का?

आधी माझा राग काढून टाकतो. ‘अँथ्रॅक्सचा विषाणू’ ऐकून कान किटले. जिवाणू आहे हो तो! विषाणू असता तर प्रतिजैविके काय कामाची? जैविक हल्ल्यांपासून बचावावर काम करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा ज्या गावात आहे, त्या ग्वाल्हेरात तरी ही चूक शोभत नाही.

आता शब्द. ग्रीक ‘अँथ्रॅक्स’ म्हणजे कोळसा. ‘अँथ्रासाइट’ हा दगडी कोळसा त्याच कुळातला. फ्रेंचही या रोगाला ‘शार्बों’ म्हणतात, म्हणजे पुन्हा कोळसाच. कातडीवर फोड येतो, दुखत नाही, आणि मधोमध काळा ठिक्कर पडतो. यावरून आमचे एक निवृत्त प्राध्यापक मित्र ठासून सांगतात, काळपुळी हे ग्रीकचे भाषांतर. काहीतरीच! धनगराला ग्रीक कुणी शिकवले? जनावरांच्या याच रोगाला ‘फाशी’ म्हणतात, तेही ग्रीकच का? माझ्या मते हा काळ रंगाचा नाहीच. तो काळरात्रीतला, ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ यातला. प्राध्यापक काळवीट पुढे करतील, करू देत.

हं, प्रश्न श्वासाचा होता. तिथे पुळी येतच नाही. बीजाणू, म्हणजे या जिवाणूची सुप्त रूपे, थेट फुफ्फुसात. ताप, कोरडा खोकला, अंगदुखी, अगदी फ्लूसारखे. फक्त नाक सहसा वाहत नाही. एक्स-रेत दोन फुफ्फुसांमधली जागा रुंदावलेली दिसली की डॉक्टरांनी सावध व्हायचे. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून बीजाणू पाठवले गेले, तेव्हा २२ जण आजारी पडले. त्यांतले ११ श्वासाचे, आणि दगावलेले पाचही या अकरांतलेच. बीजाणू श्वासात गेल्याचा संशय असला तरी सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन ६० दिवस घ्यावे लागते, कारण ते फुफ्फुसात दबा धरून बसतात. आजार जडलाच तर शिरेतून एकाहून अधिक औषधे.

इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत हाच रोग ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’ म्हणून ओळखला जाई. पुळीचा पत्ता नाही, धंद्यावरून नाव!

तेव्हा ताई, ‘फुफ्फुसाचा अँथ्रॅक्स’ म्हणा. हिंदी वर्तमानपत्रांतला ‘गिल्टी रोग’ मात्र उचलू नका. गिल्टी म्हणजे गाठ, आणि ती तर प्लेगचीही असते.