'निर्वात' समुद्र आणि पाणिनीचा पडलेला वारा

प्रश्न असा आला आहे: "'समुद्राच्या अंधाऱ्या, निर्वात थरात सूक्ष्मजीव स्वतःच प्राणवायू बनवतात' असं वाचलं. इथे 'निर्वात' चालेल का? की 'अवायुजीवी'वरून काही करावं?"

नाही चालणार. निर्वात म्हणजे हवा उपसून काढलेली पोकळी. समुद्रात कसली पोकळी? पाण्यात विरघळलेला नायट्रोजन आहे, कार्बन डायऑक्साइड आहे. नाही तो फक्त ऑक्सिजन. पण हल्ली बायोगॅसची टाकीसुद्धा निर्वात! आत मिथेन कोंडलाय आणि म्हणे निर्वात.

शब्द मात्र मोठा गोड आहे. 'वा' म्हणजे वाऱ्याचं वाहणं. 'निर्' लागला की विझणं, शमणं. पाणिनीचं सूत्र आहे, 'निर्वाणोऽवाते' (८.२.५०). दिवा विझला, अग्नी विझला, भिक्षू शांत झाला, तर 'निर्वाण'. वारा पडला, तर मात्र 'निर्वात'. एकट्या वाऱ्यासाठी एवढा अपवाद! पोकळीवाला 'निर्वात' हा निर् + वात असा साधा समास आहे, त्याचा या सूत्राशी संबंध नाही, असं व्याकरणवाले लगेच सांगतील. सांगोत बापडे. दोन्हींत 'वा' तोच आहे, आणि दोन्हींत वारा म्हणजे वाराच आहे, ऑक्सिजन नव्हे.

शेजारी 'निवात' बसलाय, गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या न हलणाऱ्या दिव्याची बिनवाऱ्याची जागा. आपला 'निवांत' त्याचाच वंशज, असं माझं ठाम मत. त्यात ज्यांना 'अंत' दिसतो, त्यांनी मधला 'वा' कुठून आला ते सांगावं. अनुस्वार मागून घुसलाय, एवढंच.

तर समुद्र. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपतो, कारण वरून पडणारा सेंद्रिय गाळ जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरून टाकतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत यावर दशकानुदशकं काम चाललंय. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. म्हणजे ज्याला निर्वात म्हणायचं, तिथे उलट वायू तयार होतोय!

अंधारातला ऑक्सिजनही खरा आहे. 'मिथायलोमिराबिलिस' हा जिवाणू नायट्रिक ऑक्साइडचे रेणू फोडून नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळवतो आणि त्या ऑक्सिजनवर मिथेन जाळतो. हे २०१० मध्ये मांडलं गेलं. 'नायट्रोसोप्युमिलस' हा सूक्ष्मजीव तर सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टाकीत सापडलेला. त्याला अमोनियावर जगायला ऑक्सिजन लागतो, तरी तो बिनऑक्सिजनच्या पाण्यातही आढळायचा. तो अंधारात थोडा ऑक्सिजन स्वतःच बनवतो, हे २०२२ मध्ये दिसलं.

राहिला 'अवायुजीवी', म्हणजे ऑक्सिजनशिवाय जगणारा. तो पाश्चरच्या फ्रेंच शब्दाचा इमानदार अनुवाद आहे, म्हणून त्यातली चूकही इमानाने उचललीय: या जिवाणूंना वायूचं वावडं नसतं, असलं तर ऑक्सिजनचं. शिवाय हा शब्द जिवांना लावतात, पाण्याला नाही. शालेय पुस्तकातलं 'विनॉक्सी' अर्थाने चोख, पण कानाला खाजेच्या मलमाचं नाव वाटतं. मी सरळ 'बिनऑक्सिजनचा थर' लिहितो.