पटायाचं हॉटेल बिल आणि अकरा महिन्यांचा प्रश्न

वकील म्हणून माझ्याकडं सल्ला मागणारं एका ताईंचं पत्र आलंय, ते चार पानी आहे आणि त्यातली साडेतीन पानं नवऱ्यानं काय केलं यावर आहेत. ते सगळं इथं परत मांडत नाही, कारण हेच पत्र मला याआधी सहा-सात वेळा आलंय, फक्त अक्षर वेगळं. साठी ओलांडलेले, रिटायर झालेले, सकाळी रंकाळ्याला राऊंड मारणारे पाच-सहा जण, ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आलेले, त्यातला एक कुणीतरी आधी जाऊन आलेला असतो तो म्हणतो चला थायलंड करून येऊ, घरी सांगायचं बुद्धाची देवळं आणि कोरल आयलंड, आणि येताना बायकोला टायगर बाम नि सुकवलेल्या आंब्याची पाकिटं.

आता या ताईंचं. वय 57, मालक 63, पाटबंधारे खात्यातून रिटायर, पेन्शन चालू, घर दोघांच्या नावावर. फेब्रुवारी 2023 मध्ये पहिली पटाया ट्रिप, ती त्यांच्याच ग्रुपमधल्या एकाच्या बायकोकडून फुटली. एप्रिल 2023 मध्ये दोन्हीकडची माणसं बसली, 100 रुपयांच्या स्टॅम्पवर माफीनामा झाला, नोटरी झाली, प्रकरण मिटलं. मग नोव्हेंबर 2024 मध्ये मालक "मालवणला मित्राच्या बागेत आठ दिवस" गेले, ताईंनी बॅगेत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी भरून दिली. फेब्रुवारी 2025 मध्ये भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून माळ्यावरची बॅग काढली तर साइडच्या कप्प्यात पटायाच्या हॉटेलचं बिल. त्यावर खोलीच्या भाड्याखाली वेगळी ओळ, जॉइनर फी, दोन रात्री, 2,000 बाट. ताईंना त्याचा अर्थ पुतण्यानं नेटवर बघून सांगितला. खोलीत बाहेरचं माणूस रात्री घेऊन आलं तर तिथली बरीच हॉटेलं हा चार्ज लावतात, रिसेप्शनला त्या बाईचं ओळखपत्रही ठेवून घेतात. थायलंडमध्ये 1996 च्या कायद्यानं हा धंदा बेकायदेशीर आहे बरं का, पण बिलावर छापील येतो इतका उघड चालतो.

आज जानेवारी 2026. ताई विचारतात पोलिसात देऊ का, घटस्फोट मिळेल का, घराचं काय, आणि या वयात लोक हसतील का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वकिलाकडे नसतं.

माझा प्रश्न एकच आहे आणि तो चार पानात कुठंच नाही. फेब्रुवारी 2025 ला बिल सापडलं, त्या रात्रीपासून आजपर्यंत तुम्ही झोपताय कुठं?

उद्धट वाटलं असेल, पण केस या उत्तरावर आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम 23, त्यातलं 23(1)(ब). नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवले हे कारण घेऊन बायको कोर्टात गेली, तर तिनं ते माफ केलेलं नाही याची कोर्टाला खात्री पटायला लागते. याला आमच्याकडं कंडोनेशन म्हणतात. नुसतं तोंडानं माफ केलं म्हणजे कंडोनेशन होत नाही, माफ केलं आणि नवरा-बायको म्हणून परत नांदायला लागले, या दोन्ही गोष्टी लागतात. आणि नवऱ्याच्या वकिलानं हा मुद्दा काढला नाही म्हणून तुम्ही सुटलात असंही नाही, जज स्वतः बघणार. दास्ताने विरुद्ध दास्ताने, सुप्रीम कोर्ट, 1975, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड. त्यात दावा नवऱ्याचा होता, बायकोनं केलेला छळ सिद्ध झाला होता, तरी वेगळं होईपर्यंत दोघांचं नांदणं चालू होतं म्हणून छळ माफ केला असं धरलं गेलं आणि नवऱ्याच्या हातात काही आलं नाही. कंडोनेशनचा मुद्दा त्याच्या बायकोनं लेखी मांडलेलाही नव्हता, कोर्टानं आपणहून पाहिला.

त्याच निकालात तुमच्या कामाची गोष्ट पण आहे. माफी ही कायम अटीवरच असते, पुढं पुन्हा गंभीर चूक केली की जुनी माफ केलेली चूक परत जिवंत होते. म्हणजे नोव्हेंबर 2024 ची ट्रिप सिद्ध झाली आणि ती तुम्ही माफ केलेली नाही हे दिसलं, तर फेब्रुवारी 2023 पण पुन्हा टेबलावर येते. पण दुसरी तुम्ही गिळून परत नांदायला लागला असाल तर दोन्ही गेल्या. म्हणून म्हणते, सगळं त्या अकरा महिन्यांवर आहे.

तुम्ही पत्रात एका जागी ओझरतं लिहिलंय, "तेव्हापासून मी देवघराशेजारच्या खोलीत असते". अहो ही ओळ पहिल्या पानावर पाहिजे होती! कुठल्या तारखेपासून, घरात कुणाला माहीत आहे, कामवाल्या मावशी तिथली गादी उचलतात का, सुनेनं कधी विचारलं का. हे लिहून काढा, आजच, आठवेल तसं. एका घरात राहणं म्हणजे नांदणं नव्हे, पण हे बोलणारा साक्षीदार लागतो आणि चार भिंतीत साक्षीदार मिळत नाहीत.

आता अकरा महिने गप्प का होता. त्याच कलमात पुढं 23(1)(ड) आहे, विनाकारण उशीर केलेला नसावा. तुम्ही म्हणता डिसेंबरमध्ये मुलाचं लग्न होतं, आधी बोभाटा केला असता तर सोयरीक मोडली असती. हे कारण चांगलं आहे, कुठल्याही जजला समजेल, त्याच्या घरातही लग्नं झालेली असतात. पण ते अर्जातच आलं पाहिजे, तारखांसकट. उलटतपासणीत घाम फुटल्यावर आठवलं की ते बनवलेलं वाटतं. समोरचा वकील लग्नाचा अल्बम काढणार हे धरून चाला, दोघांनी मिळून देवक बसवलं, पाटावर शेजारी बसलात, लग्नानंतर नव्या जोडीला घेऊन जोतिबाला गेलात. पूजेला शेजारी बसणं म्हणजे नांदणं नाही हे सांगता येतं, सांगू. फक्त जोतिबाच्या ट्रिपमध्ये मुक्काम केला असेल आणि लॉजवर एकच खोली असेल तर ते मला आत्ता सांगा, कोर्टात कळायला नको.

आणि तो माफीनामा. झेरॉक्स पाठवलीत ती वाचली आणि डोक्याला हात लावला. "माझ्याकडून चूक झाली असून यापुढे होणार नाही." कसली चूक? चहात साखर जास्त पडली? टायपिस्टला लाज वाटली की मालकांना, माहीत नाही, पण पटाया हा शब्द नाही, तारीख नाही, काही नाही. खाली तुमच्या नावानं वाक्य मात्र ठसठशीत आहे, "झाले गेले विसरून मी नांदण्यास तयार असून या कारणावरून यापुढे कोणतीही तक्रार अगर दावा करणार नाही". कोर्टात जायचा हक्क असा कागदावर सोडता येत नाही, करार कायद्याच्या कलम 28 नं ते वाक्य निकामी आहे, त्याला घाबरू नका. पण 2023 माफ केलं होतं याचा पुरावा तुम्हीच 100 रुपये खर्चून तयार केलात. सही करायच्या आधी कुठल्याही वकिलाला दाखवलं असतं तर दहा मिनिटात दोन ओळी बदलून दिल्या असत्या, नोटरीच्या टेबलाशेजारी आम्ही बसलेलोच असतो. एक बरं केलंय तुमच्या थोरल्या भावानं, अगदी तळाला निळ्या पेनानं लिहिलंय, "पुन्हा असे घडल्यास ही माफी रद्द समजावी". कायद्यानं ती ओळ नसती तरी चाललं असतं, पण जजच्या डोळ्याला दिसते ते वेगळं. मालकांची सही त्या ओळीच्या वर आहे, खाली नाही, त्यामुळे ते म्हणणार हे नंतर घुसडलं. म्हणून ओरिजिनल लागेल, आणि नोटरीचं रजिस्टर बघायला लागेल.

पुराव्याचं फार टेन्शन घेऊ नका. 1976 च्या दुरुस्तीनंतर एकदा संबंध आला हे पुरेसं आहे, कायम कुणासोबत राहतोय हे दाखवावं लागत नाही. आणि फौजदारीसारखं पक्कं शाबीत करायला लागत नाही, जास्त शक्यता कुठली एवढं बघतात, हे पण दास्ताने निकालातलंच. घरात मालवण सांगून पासपोर्टवर थायलंडचा शिक्का, आणि त्याच तारखांच्या बिलावर जॉइनर फी. मालकांना पिंजऱ्यात उभं करून विचारू, ही फी कशाची? बघू काय सांगतात. तुमच्या मैत्रिणीच्या मोबाईलवर मालकांचे जे बारमधले फोटो आहेत, ते मात्र नुसते प्रिंट काढून चालत नाहीत, नव्या साक्ष कायद्याच्या कलम 63(4) चं सर्टिफिकेट लागतं, त्याचे दोन भाग असतात आणि दुसरा एक्स्पर्टनं भरायचा असतो. फॅमिली कोर्टाला कागद घेण्यात जरा मोकळीक आहे, तरी त्या भरवशावर राहू नये. तोवर त्या मैत्रिणीला सांगा फोन बदलू नको, विकू नको, फॉरमॅट मारू नको.

बाय द वे, ते फोटो तुम्ही माहेरच्या ग्रुपवर टाकलेत. का? बारमधले, कपड्यातले फोटो आहेत म्हणून थोडक्यात वाचलात, नाहीतर आयटी कायद्याखाली तुमच्यावरच आलं असतं. यापुढं एकही नाही. आणि फोटोत किंवा मोबाईलमध्ये कुठंही मुलगी अठराच्या आतली वाटली तर ते पुढं पाठवणं हाच तुमचा गुन्हा होतो, कुणालाही पाठवू नका, सरळ मला फोन करा. त्यानंतर विषय नवरा-बायकोचा राहत नाही, तिथला कायदा त्या गिऱ्हाइकाला जेलमध्ये घालतो आणि आपला कायदाही आपल्या नागरिकाचा परदेशापर्यंत पाठलाग करतो.

ते सोडलं तर पोलिसात जाऊन काही होणार नाही. व्यभिचार 27 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही, आणि परदेशात केलेल्या गुन्ह्याचा इथं खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. ठाण्यात तुम्हाला चहा पाजून घरी पाठवतील.

घटस्फोट की ज्युडिशियल सेपरेशन, हे मी इथं पक्कं सांगणार नाही, कागद बघून ठरवू. पण घाई नको, कारण पेन्शन. घटस्फोट झाला की तुम्ही बायको राहत नाही, मग उद्या मालकांचं काही झालं तर फॅमिली पेन्शन पण नाही. कलम 10 खाली सेपरेशन त्याच कारणावर मिळतं, एकत्र राहायचं बंधन सुटतं आणि बायकोपण कागदावर राहतं. त्यात एक फट आहे, एक वर्षानंतर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं, मालकसुद्धा. पण हिराचंद मनगावकर विरुद्ध सुनंदा, 2001, त्यात सुप्रीम कोर्टानं नवऱ्याला परत पाठवलं होतं, बाहेरचे संबंध चालूच ठेवायचे, पोटगी द्यायची नाही आणि वर घटस्फोट मागायचा, स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येणार नाही म्हणून. आपल्याला तो लागू होईल की नाही हे मालक पुढं कसे वागतात त्यावर.

पोटगी वेगळी मागता येते, अंतरिम अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो 60 दिवसात निकाली काढावा असं कायदा म्हणतो. त्यातला शक्यतो हा शब्द आमच्या कोर्टांना फार आवडतो. तरी आता वर अपिलात जायचं तर बरं झालंय, गेल्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात सुरू झालं, नाहीतर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचं, दिवसभर बसायचं आणि मॅटर बोर्डावर येत नाही म्हणून त्याच गाडीनं परत, असं अर्धं आयुष्य गेलं आमचं.

घराचं, मालक म्हणतायत मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करू आणि तुमची सही पाहिजे. करू नका. मुलगा चांगला आहे, मान्य, नवी सून पण चांगली आहे, पण रजिस्टर झालेलं बक्षीसपत्र मागं फिरवणं म्हणजे दुसरी केस. सध्या कशावरही सही नाही, गॅसच्या पावतीवर केलीत तरी वाचून करा.

तब्येतीचं तुम्ही लाजून एका ओळीत विचारलंय. सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा, एचआयव्हीची तपासणी तिथं फुकट होते आणि गुप्त राहते. दुसऱ्या ट्रिपनंतर बिल सापडेपर्यंतचे तीन महिने तुम्ही अंधारात होता, म्हणून जा. ते तीन महिने माफीत धरले जात नाहीत, माहीतच नव्हतं तर माफ काय करणार.

आता काय करायचं. येत्या आठवड्यात स्पीड पोस्टानं नोटीस जाईल, त्यात फेब्रुवारीची तारीख, वेगळ्या खोलीची तारीख आणि लग्नाचं कारण तिन्ही येतील. नोटीस पोचेपर्यंत घरात भांडू नका, आणि पोचल्यावर मालक पाया पडतील, भाऊबंद परत बैठक लावतील. बैठकीला जा, चहा घ्या, पण नवा स्टॅम्प कुणी आणला तर उठून या. येताना माफीनाम्याचं ओरिजिनल आणि बिल घेऊन या, बिल आहे तसं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. लॅमिनेशन करू नका, मागच्या महिन्यात एका बाईंनी असंच बिल सांभाळून राहावं म्हणून लॅमिनेट करून आणलं, आणि उष्णतेनं थर्मल कागद सगळा काळा ठिक्कर.