बीएस्सीनंतर एम.टेक.? रस्ता आहे, पण तो गणितावरून जातो

तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस. गाव गंगाखेडजवळ, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष, एम.टेक. करायचंय तर गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, देता येते का. एमएस्सी की एमसीए. आणि पुण्यातला दादा म्हणतोय की एमएस्सी म्हणजे दोन वर्षं वाया, त्यापेक्षा सहा महिन्यांचा फुल स्टॅकचा (वेबसाइट पूर्ण बनवायला शिकवणारा) क्लास लाव, त्याचं काय करायचं.

गेटचं आधी सांगते. देता येते. पदवीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्यांना बसता येतं. पण परीक्षेला बसणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं, आपल्याकडची पोरं नेमकी इथंच फसतात. एम.टेक.ला चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी लागते, नाहीतर एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा एमसीए. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर दार उघडत नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळं आत्ता दिलीस तर एमएस्सी संपेपर्यंत तो टिकेल. तरी माझं मत विचारशील तर आत्ताची गेट फक्त भीती मोडायला दे. खरी दे एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षात. एमएस्सी, एमसीएवाल्यांना कोण घेतं, हे प्रत्येक आयआयटी-एनआयटीच्या विभागाप्रमाणं बदलतं, म्हणून त्या-त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः उघडून वाच. टेलिग्राम ग्रुपवर विश्वास ठेवू नकोस.

तू प्रश्नात शेवटी, जाता जाता लिहिलंयस की "बारावीनंतर गणित सुटलं." ताई म्हणून सांगते, तुझा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे.

माझंही सुटलं होतं. मी सेलूकडची. बीएस्सीला डिस्क्रीट मॅथ्सचा पेपर होता, पण आमच्या कॉलेजात सरांनी वीस प्रश्न लिहून दिले, आम्ही ते पाठ केले, बारा आले, पास. पुढं एमएस्सीला विद्यापीठात गेले, तेव्हाचं औरंगाबाद. विद्यापीठाच्या गेटमधून आत शिरताना छाती फुगली होती. पहिल्याच महिन्यात अल्गोरिदमच्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक सिद्धता मांडली आणि माझ्या लक्षात आलं की मला सिद्धता म्हणजे काय तेच माहीत नाही. पहिल्या गेटला पात्रतेइतकेही मार्क पडले नाहीत. मग वर्षभर ग्रंथालयात बसले. एनपीटीईएलची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मैत्रिणीनं पेन ड्राइव्हवर आणून दिली होती, तीच परत परत. तुमच्या हातात तर ती मोबाइलवर फुकट आहेत. दुसऱ्या खेपेला जमलं.

गणित म्हणजे इथं बारावीचं इंटिग्रेशन नव्हे बरं. तर्क, संच, संबंध, मोजणी, ग्राफ, संभाव्यता, थोडं मॅट्रिक्स. उदाहरण देते. गावात ३६७ माणसं असली तर निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येणारच, कारण तारखा जास्तीत जास्त ३६६. (आपल्याकडं यासाठी ३६७ लागत नाहीत म्हणा, गुरुजींच्या कृपेनं अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा.) हे ऐकायला गंमत वाटतं, पण वेगवेगळ्या नोंदी हॅश टेबलात (नोंदी ठरावीक कप्प्यांत ठेवायच्या पद्धतीत) एकाच जागी का आदळतात, ते यातूनच कळतं. आता तू सांग: दहा लाख नावांची क्रमानं लावलेली यादी आहे, तिच्यात एक नाव शोधायला २० पेक्षा जास्त तुलना कधीच का लागत नाहीत? "बायनरी सर्च" (दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी सोडायची) एवढं म्हणून सुटू नकोस. २० च का, हे मला पटवून दे. पटवता आलं तर तू तयार आहेस. नाही आलं तर पुढचे चार महिने कशात घालायचे ते कळलं.

हे गेटपुरतंच नाही. एनआयटीच्या एमसीएची निमसेट परीक्षा हजार गुणांची असते आणि त्यातले ६०० गुण एकट्या गणिताचे. तिला पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हा एक विषय आणि ६० टक्के लागतात, आधी तुझ्या गुणपत्रिका काढून बघ. बसत असशील तर वरंगळची एनआयटी डोक्यात ठेव. आपले आजोबा हैदराबाद संस्थानातले, त्यांना तिकडचा मुलूख परका नव्हता, आपल्यालाच पुण्यापलीकडं काही दिसत नाही.

एमएस्सी की एमसीए? नोकरी लवकर हवी असेल तर एमसीए. आता तीही दोनच वर्षांची आहे. राज्याची सीईटी देऊन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, प्रवेश घे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ही माफी गेली. होस्टेल, मेस मात्र तुझ्याच खिशातून.

पण तुला खरंच एम.टेक.कडं जायचं असेल, तर मी एमएस्सी म्हणेन, तेही विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात. तुला जवळ म्हणजे नांदेडला विष्णुपुरीचं संगणकशास्त्र संकुल, नाहीतर संभाजीनगर. फी खासगीच्या मानानं कमी, ग्रंथालय मोठं, आणि सोबत नेट-सेट, गेटचा अभ्यास करणारी माणसं असतात. एकटीनं बसून गेट करणं मी केलंय, नको करूस. पुढं एम.टेक.ला गेटवर प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये मिळतात, घरी मागावं लागत नाही.

दादाचा क्लास. सहा महिन्यांत वेबसाइटसाठीचं रिॲक्ट शिकता येतं, त्यात खोटं नाही. पण "प्लेसमेंट गॅरंटी" लिहून देणाऱ्याला विचार, गॅरंटी कसली, नोकरीची की मुलाखतीची? सोयाबीनचे पैसे आले की ते आगाऊ भरून टाक म्हणणाऱ्याकडं तर अजिबात जाऊ नकोस. तेच एमएस्सी करता करता संध्याकाळी शिकता येतं.

कागदपत्रं निकालाची वाट न बघता काढ: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि जातीची व्हॅलिडिटी. जूनमध्ये तहसीलला आणि सेतूला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या बॅचची एक हुशार पोरगी फक्त व्हॅलिडिटीपायी खुल्या जागेची फी भरून बसली.

आणि त्या २० तुलनांचं उत्तर इथंच खाली लिही. मराठीत लिही, चुकलं तरी चालेल, मी रविवारी बघते.