शेरूसाठी एफडी मोडू का? भाऊ, आधी तीन दिवस जाऊ द्या

भाऊ, तुमचा मेसेज काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, नीट झोप लागली नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ अमरावतीकडच्या तिवसा तालुक्यातले, ४ एकर कोरडवाहू वावर, आणि घरी १३ वर्षांचा कुत्रा, शेरू. काल सकाळी शेरू उठला तो थेट कोलमडलाच, मान डावीकडे वाकडी, डोळे आडवे लटलट हलतात, उभं केलं की डावीकडे लोळतो, दोनदा ओकला. गावात कोणी म्हणे लकवा, कोणी म्हणे इंजेक्शन देऊन मोकळं करा, आणि मुंबईचा भाचा म्हणतो गाडी करून इकडे आणा, एमआरआय करू, सगळं मिळून ७० हजार लागतील. भाऊंची ८० हजारांची एफडी आहे, १० जूनला मॅच्युअर होते, पेरणीचा पैसा तोच. ती मोडू, की वहिनींची पोत गहाण ठेवू, की केसीसीतून, म्हणजे किसान क्रेडिट कार्डाच्या पीककर्जातून उचलू, असं विचारतात.

आज यातलं काहीच करू नका.

शेरू ११ वर्षं रात्रीच्या जागलीला तुमच्यासोबत वावरात झोपला, रोही (नीलगायी) अन रानडुकरं त्यानं हाकलली, तर त्याच्यावर खर्च करावा का हा प्रश्नच मी घेत नाही, करावाच. प्रश्न एवढाच की कोणता पैसा कोणत्या दिवशी खर्च केला तर त्याच्या कामी येईल. मी डॉक्टर नाही, पण आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला हेच झालं होतं, तेव्हा मीही घाबरून पैशाची जमवाजमव करत बसलो होतो आणि ती पाचव्या दिवशी स्वतःच्या पायानं अंगणात गेली.

म्हाताऱ्या कुत्र्यांत अचानक तोल जाण्याचा हा आजार बऱ्यापैकी दिसतो, त्याला व्हेस्टिब्युलर डिसीज म्हणतात, कानाच्या आतल्या भागातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडते. दिसायला अगदी लकव्यासारखं दिसतं, पण पुष्कळदा कारणच सापडत नाही आणि तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत उतार पडायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रं बरंच सावरतं, मान मात्र थोडी तिरपी राहू शकते. तुम्ही लिहिलंय की हाक मारली की ओळखतो, पायांत जोर आहे, डोळे आडवे हलतात. ही त्यातल्या त्यात बरी लक्षणं आहेत. डोळे वरखाली हलायला लागले, सुस्त पडून ओळखेनासा झाला, एका बाजूचे पाय लुळे पडले किंवा पंजा उलटा घासत चालला, तर मामला मेंदूचा असू शकतो, मग थांबायचं नाही.

म्हणून पहिला खर्च आजच, आणि तो लहान आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या नाहीतर डॉक्टरांना घरी बोलवा, उलटीचं इंजेक्शन, गरज पडली तर सलाईन, आणि दोन्ही कान आतून टॉर्च लावून बघायला सांगा कारण कानाच्या आतलं इन्फेक्शन असेल तर त्याचा इलाज वेगळा आहे. थायरॉईडची रक्ततपासणी करायची का तेही विचारा. अजून एक, मागच्या काही दिवसांत हगवणीसाठी त्याला मेट्रोनिडाझोल चालू होतं का? डोस जास्त झाला तर त्या गोळीनंही असंच होतं, आणि गोळी बंद केली की उतरतं, हे सांगायला एक रुपया लागत नाही पण कोणी सांगत नाही. कानात कोमट तेल बिलकुल घालू नका, पडदा फाटलेला असेल तर नुकसान होईल. मेडिकलमधून माणसांच्या चक्करच्या गोळ्याही मनानं आणू नका. या सगळ्याला माझ्या अंदाजानं दोन-तीन हजार धरा, ते घरखर्चातून काढा.

एमआरआयचं सांगतो. त्यासाठी कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते, वय १३, वरून मे महिन्याच्या उन्हात चक्कर येणाऱ्या जनावराला मुंबईपर्यंत गाडीत हलवायचं, आणि कारण न सापडणारा प्रकार निघाला तर इलाज तोच राहणार जो तिवस्यात होणार आहे. भाच्याचा जीव आहे शेरूवर, त्याला नाराज करू नका, पण ७० हजार आज त्या तपासणीत घालणं मला पटत नाही.

आता एफडी. मोडली तर दंड किती, साधारण एक टक्का धरा, म्हणजे ८० हजारांवर वर्षभराचे सात-आठशे रुपये, तो काही मोठा मुद्दा नाही. खरा फटका जूनमध्ये बसतो. २ एकर पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, बियाण्याची ४ पाकिटं, नऊशेच्या आसपास एक, सोयाबीनचं बियाणं वेगळं, डीएपी खताची बॅग १,३५० ची, नांगरणी, वखरणी, मजुरी, आणि हातात पैसा नसला की तुम्ही कृषी केंद्राच्या उधारीवर जाता किंवा सावकाराकडे, आणि ते व्याज दिवाळीत कापूस विकून फेडता. शेरूचा ७० हजारांचा खर्च तिथे व्याजासकट बराच फुगतो.

केसीसीला तर हातच लावू नका. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज शून्यावर येतं, पैसा दुसरीकडे गेला अन हप्ता चुकला की ती सवलत गेली. पोत वहिनींची आहे, त्यांना न विचारता तो पर्याय लिहिलाच कसा तुम्ही, हे मला आवडलं नाही. आणि पाऊस लांबला, व्याज थकलं, तर दागिना लिलावात जायची भीती असते.

तीन दिवसांत उतार नाही, किंवा वर सांगितलेली वाईट लक्षणं दिसली, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा, दोन-अडीच तासांवर आहे, पहाटे निघा. त्यासाठी जास्तीत जास्त १५ हजार ठेवा आणि हा आकडा आज रात्रीच वहिनींसोबत बसून पक्का करा, कारण टेबलावर जनावर असताना माणूस कशालाही हो म्हणतो. पैसा एफडी न मोडता तिच्यावर बँकेकडून कर्ज काढून उचला, एफडीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त लागतं, १५ हजारांना १० जूनपर्यंत सव्वाशेच्या आत व्याज बसेल.

घरी फरशीवर ठेवू नका, घसरतो, बारदाना अंथरा. पोटाखालून जुन्या लुगड्याची पट्टी घालून बाहेर न्या. या गर्मीत तो स्वतः भांड्यापर्यंत जाऊ शकत नाही, पाणी तोंडाशी धरा, थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. भाकर कुस्करून हातानं भरवा. परवा सकाळी डोळ्यांचं हलणं कमी झालं की नाही ते बघून मला कळवा, मी वाट पाहतो.